बागेंतील रानकोंबडा

कोंबडा हा पक्षी आपल्या इतक्या ओळखीचा आहे कीं, त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाहीं. उल्हासनगरच्या बाजारांत तो पिंजऱ्यांत दाटीवाटीनें उभा असतो, बदलापूरच्या जुन्या गांवठाणांत तो उकिरडा उकरीत हिंडतो, आणि पहांटे त्याची बांग ऐकून घरांतील वडील माणसें उठतात. परंतु याच कोंबड्याचा एक भाऊबंद, ज्याला कोणी पाळलेलें नाहीं कीं खुराड्यांत कोंडलेलें नाहीं, आपल्या गांवांपासून थोड्याच कोसांवर राहतो, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. त्याचें नांव रानकोंबडा.

रानकोंबडा रानांत राहतो, एवढें तर नांवावरूनच कळतें. पण तो रानाला लागून असलेल्या आंब्याच्या, काजूच्या आणि बांबूच्या लागवडींतहि राहतो, ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. त्याला एक बाग मानवते आणि तिला लागून असलेली दुसरी मानवत नाहीं. असें कां व्हावें, याचा शोध घेतला असतां पक्ष्याविषयीं ज्ञान होतेंच. शिवाय शेतीविषयीं आणि आपल्या स्वतःच्या राहणीविषयींहि कांहीं शिकावयास मिळतें. आजच्या पाठांत हाच शोध घ्यावयाचा आहे.

१. ओळखण्याच्या खुणा

साऱ्या जगांत रानकोंबड्यांच्या जाती चारच आहेत. तांबडा रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून आसाम, म्यानमार व त्यापलीकडील आग्नेय आशियांत आढळतो. हिरवा रानकोंबडा जावा व त्याच्या आसपासच्या बेटांत राहतो. तिसरी जात श्रीलंकेची. ती त्या बेटाबाहेर कोठेंहि नाहीं. चौथा राखी रानकोंबडा. हा मात्र केवळ आपल्या भारताचा आहे. गोदावरीच्या आसपास तांबड्याचा व राखी रानकोंबड्याचा प्रदेश एकमेकांस भिडतो. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस जो सांपडतो तो राखी. शास्त्रज्ञ त्याला ‘गॅलस सोनेराटी’ म्हणतात. अठराव्या शतकांत आपल्या देशांत प्रवास केलेल्या सोनेरा नांवाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ टेमिंक या डच पंडितानें १८१३ सालीं हें नांव दिलें.

नर शेंपटीसकट सुमारें ७० ते ८० सेंटिमीटर लांब भरतो, आणि त्याचें वजन एक किलोग्रॅमच्या आसपास असतें. अंग राखी रंगाचें, त्यावर बारीक नक्षी. शेंपटीचीं मधलीं पिसें विळ्यासारखीं वांकलेलीं व काळीभोर. तुरा तांबडा, पाय तांबडे, आणि पायामागें तीक्ष्ण कांटा. परंतु त्याचें खरें वैभव मानेवर असतें. मानेचीं लांब पिसें काळसर असून त्यांवर पांढरट व पिवळे ठिपके असतात. हे ठिपके रंगविलेले दिसत नाहींत. वितळलेल्या मेणाचा थेंब पिसावर पडून थिजावा, तसे ते कठीण व चकचकीत असतात. पावसाळ्याच्या सुमारास, वीण संपत आली कीं, हीं पिसें गळून पडतात आणि कांहीं काळ नर अगदींच साधा दिसूं लागतो.

मादी तपकिरी रंगाची. तिच्या छातीवर व पोटावर काळ्या कडांचीं पांढरीं पिसें असतात, आणि पाय पिवळे असतात. वाळलेल्या पाचोळ्यांत ती निश्चल बसली, तर चार हातांवरूनहि ती ओळखूं येत नाहीं. नराचा थाट पाहून त्याचें कौतुक सगळेच करितात. पण अंडीं उबवून वंश चालविण्याचें काम जिच्याकडे आहे, तिला हा साधेपणाच वांचवितो, हें विसरूं नये.

बांगेवरूनहि त्याची ओळख पटते. आपल्या घरच्या कोंबड्याची बांग लांब व चढत जाणारी असते. राखी रानकोंबडा तुटक, कर्कश अशीं चार-पांच अक्षरें जोरानें उच्चारतो आणि शेवटीं हळू आवाजांत पुटपुटल्यासारखें करितो. तांबडा रानकोंबडा बांग देण्यापूर्वीं पंख फडफडवितो. राखी तसें करीत नाहीं.

२. आपला मुलूख

आपल्या तीन गांवांची जागा नकाशांत पाहा. उल्हास नदी बोरघाटाच्या बाजूनें उतरून कर्जत, नेरळ व बदलापूरवरून कल्याणकडे जाते. वालधुनी अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवालयाजवळून वाहत उल्हासनगरांत शिरते. एका अंगास मलंगगड, दुसऱ्या अंगास माथेरानची डोंगररांग, आणि बदलापूरच्या पूर्वेस बारवी धरणाभोवतींचें रान, असा हा वेढा आहे. डोंगरमाथ्यावर झाडी, उतारावर गवताची वरकस जमीन, पायथ्याशीं आंबा, जांभूळ, चिकू, काजू यांच्या बागा, आणि सपाटीवर भाताचीं खाचरें, अशा या पायऱ्या आहेत. त्यांच्या खालीं शहरें.

शहर या पायऱ्यांवरून वर चढत आहे. १९४९ सालच्या ऑगस्टांत, निर्वासितांनीं वसविलेल्या कल्याण कॅम्पास उल्हासनगर हें नांव मिळालें. तेव्हां अंबरनाथ व बदलापूर हीं लहान गांवें होतीं. आज तिन्हीं मिळून जवळजवळ एकच वस्ती झाली आहे. खाचरांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या, आणि आतां बागांची पाळी आली आहे. रानकोंबडा ज्या पायरीवर राहतो, ती हीच वरची पायरी. म्हणून त्याची गोष्ट ही दूरच्या अरण्याची गोष्ट नसून आपल्या कुंपणाजवळची आहे.

३. दिनक्रम व आहार

रानकोंबडा रात्रीं झाडावर किंवा बांबूच्या बेटांत झोंपतो. उजाडण्यापूर्वीं तो तेथूनच बांग देतो आणि मग खालीं उतरतो. सकाळचे दोन-तीन तास तो चरतो. ऊन चढलें कीं करवंदाच्या जाळींत सांवली धरितो, कोरड्या मातींत अंग घुसळून धूलिस्नान करितो. आणि उन्हें कलल्यावर पुन्हां चरावयास निघतो. तो लाजाळू आहे. चाहूल लागतांच तो आधीं धांवतो. धांवणें अशक्य झालें तरच उडतो.

त्याचें खाणें पाहाल तर त्याच्या घराचें कोडें आपोआप सुटेल. गवताचें बीं, सांडलेलें धान्य, करवंदें, टणटणीचीं फळें, किडे, अळ्या, आणि मुख्यतः वाळवी. बांबूला बीं धरलें किंवा सात वर्षांनीं एकदां फुलणाऱ्या कारवीचें बीं पडूं लागलें, म्हणजे त्या जागीं रानकोंबडे मोठ्या संख्येनें गोळा होतात. या यादींतील जवळजवळ प्रत्येक वस्तु जमिनीवर किंवा जमिनीच्या लगत मिळणारी आहे. त्याच्या पायांची घडणच उकरण्याची. पाचोळा पायानें मागें सारावा, एक पाऊल मागें यावें, आणि उघड्या पडलेल्या जमिनींतून कीटक टिपावेत, हा त्याचा उद्योग.

वीण मुख्यतः फेब्रुवारीपासून मेपर्यंत असते. मादी झुडपाच्या आडोशानें जमींनींत उथळसा खळगा करून त्यांत चार ते सात फिकट पिवळसर अंडीं घालते व सुमारें २१ दिवस उबविते. घरच्या कोंबडीलाहि तेवढेच दिवस लागतात, हें तुमच्या ध्यानांत आलेंच असेल. पिलें अंड्यांतून बाहेर पडतांच चालूं लागतात व आईमागून टिपूं लागतात.

४. दोन बागा

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एकाच डोंगराच्या पायथ्याशीं दोन आंबराया आहेत, अशी कल्पना करा. दोहोंत झाडें सारखीं, वय सारखें, पाणी सारखें. पहिल्या बागेच्या मालकास टापटीप प्रिय आहे. त्यानें झाडांखालचा पाचोळा झाडून जाळला आहे, गवत औषध मारून करपविलें आहे, वारूळें खणून काढिलीं आहेत, आणि करवंदाची जुनी वई तोडून सिमेंटची भिंत घातली आहे. दुसऱ्या बागेचा मालक पाचोळा झाडांच्या बुंध्याशीं कुजूं देतो. त्याच्या बांधावर करवंद, तोरण व बांबू आहेत. कोपऱ्यांत एक वारूळ आहे. आणि वरच्या अंगास कुंपणांतून थेट रानांत जाणारी वाट मोकळी आहे.

रानकोंबडा दुसऱ्या बागेंत येईल. पहिल्या बागेंत येणार नाहीं. आंब्याचें झाड त्याला फार तर रात्रीच्या निवाऱ्यापुरतें उपयोगी. त्याचें सारें घर झाडाखालीं आहे. पाचोळा त्याचें ताट, झुडूप त्याची भिंत, आणि रानाची वाट त्याचा दरवाजा. वरून पाहणाऱ्यास दोन्ही बागा सारख्याच हिरव्या दिसतील. पण जमिनीवर चालणाऱ्यास एक भरलेलें घर आहे आणि दुसरें ओसाड अंगण.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नाहीं. कर्नाटकांतील कोडगू व केरळांतील वायनाड येथें कॉफीचीं झुडपें मोठ्या वृक्षांच्या सांवलींत वाढवितात. तेथें पाचोळा व आडोसा दोन्ही असल्यामुळें राखी रानकोंबडा अशा मळ्यांत वावरतो. मलेशियांत तेलताडाच्या अफाट लागवडी आहेत. तेथें तांबडा रानकोंबडा ताडांखालीं पडलेलीं फळें व कीटक टिपीत राहतो. म्हणजे लागवड झाली कीं पक्षी संपलाच, असें नाहीं. परंतु लागवडीनें रानाची जागा पूर्णपणें भरून निघते, असेंहि कोणी समजूं नये. अंडीं घालण्यास निवांत जागा, वणवा लागला तर पळून जाण्यास आसरा, आणि बागेंत कांहीं नसेल त्या ऋतूंत पोट भरण्याचें साधन, यांसाठीं जवळ खरें रान हवेंच. बाग ही त्याची ओसरी आहे. माजघर डोंगरावरच आहे.

५. शेती आणि कोंबडी यांचें जुनें नातें

रानकोंबडा शेताच्या कडेला येतो, ही गोष्ट क्षुल्लक समजूं नका. तुमच्या घरची कोंबडी याच वाटेनें माणसाकडे आली.

चार्ल्स डार्विननें १८६८ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, जगांतील सर्व पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा होय. पुढें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें, नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या भागांतील तांबड्या रानकोंबड्याच्या एका पोटजातीपासून पाळीव कोंबडी निपजली, असें दाखविलें. २०२२ सालीं विद्वानांच्या एका मंडळीनें जुन्या हाडांचें परीक्षण करून सांगितलें कीं, पाळीव कोंबड्यांचीं आतांपर्यंतचीं सर्वांत जुनीं खात्रीलायक हाडें मध्य थायलंडांतील एका गांवीं मिळालीं असून तीं इसवी सनापूर्वीं १६५० ते १२५० या काळांतील आहेत. त्यांचें मत असें कीं, रानालगत कोरडवाहू भात व भरड धान्य पिकूं लागलें, दाणा सांडूं लागला, तेव्हां रानकोंबडे झाडांतून उतरून शेतांच्या कडेला आले, आणि तेथें माणसाशीं त्यांची ओळख झाली.

मग आपल्या राखी रानकोंबड्याचा यांत कांहींच वांटा नाहीं काय? आहे. पुष्कळ पाळीव कोंबड्यांचे पाय व कातडी पिवळी असते. तांबड्या रानकोंबड्याची कातडी तशी नसते. हा पिवळेपणा कोठून आला, याचा स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं शोध घेतला व २००८ सालीं असें जाहीर केलें कीं, तो गुण बहुधा राखी रानकोंबड्यापासून आला. आतां घरीं जाऊन आपल्या कोंबडीचे पाय पाहा. ते पिवळे असतील, तर सह्याद्रीच्या या पक्ष्याची खूण तुमच्या अंगणांतच फिरत आहे.

६. त्याच्यावरील संकटें

पहिलें संकट त्याच्या सौंदर्यामुळेंच ओढवलें. त्याच्या मानेचीं मेणटिपकी पिसें विलायतेंत मासे धरण्याच्या गळांवर कृत्रिम माशी बनविण्यास फार मोलाचीं ठरलीं, आणि त्यासाठीं असंख्य नर मारले गेले. १९०२ सालीं सरकारनें पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीस बंदी केली. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्यास संरक्षण मिळालें. त्यास मारणें, फांसा लावून पकडणें किंवा त्याचीं अंडीं उचलणें हा आज गुन्हा आहे. तरीहि आठवड्याच्या सुट्टींत ‘गांवठी म्हणून रानची’ कोंबडी मागणारीं गिऱ्हाइकें रानालगतच्या वस्त्यांत येतात. मागणारा नसेल, तर फांसा लावणाराहि उरणार नाहीं. म्हणून दोष केवळ गरिबाच्या माथीं मारूं नये.

दुसरें संकट आगीचें. आपल्या ठाणे जिल्ह्यांत भाताच्या रोपांसाठीं राब भाजण्याची जुनी रीत आहे. पाला, गवत व फांद्या वाफ्यांवर पसरून उन्हाळ्यांत पेटवितात. हें काम नेमकें विणीच्या हंगामांत येतें. वाफ्यांतली आग वाफ्यांतच राहिली, तर फारसें बिघडत नाहीं. पण ती बांधावरून वरकसांत व तेथून डोंगरावर गेली, म्हणजे जमिनीवरचें एकहि घरटें उरत नाहीं.

तिसरें संकट कुत्र्यांचें व रोगांचें. वस्ती वाढते तशीं मोकाट कुत्रीं वाढतात, आणि जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यास तीं मुंगूस, घोरपड किंवा रानमांजर यांहूनहि घातक होतात. कारण रानांतील शिकारी पोटापुरतेच असतात, तर कुत्र्यांच्या टोळ्यांना आपण उकिरड्यावर पोसतों. तसेंच रानालगत मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांपासून राणीखेतीसारखा रोग रानांत जाण्याची भीति असते. कधीं कधीं अशा कोंबड्यांशीं रानकोंबड्याचा संकरहि होतो, आणि पिढ्यान् पिढ्या शुद्ध राहिलेलें रक्त मिसळून जातें.

चौथें व सर्वांत मोठें संकट असें कीं, आंबराईच नाहींशी होते. झाडें तोडून जमिनीचे तुकडे पाडिले कीं, पक्ष्यानें माघार घ्यावी तर वर. आणि डोंगराच्या माथ्यावर रान उरलें नसेल, तर कोठेंच नाहीं.

७. आपलें कर्तव्य

शेतकऱ्याची बाजूहि ऐकली पाहिजे. रानकोंबडा पेरलेलें बीं उकरतो. भातानंतर लावलेल्या वालाच्या शेतांत तो शिरला, तर सकाळभरांत ओळच्या ओळ मोकळी करितो. हें नुकसान खोटें नाहीं, आणि ज्याचें पोट त्या शेतावर आहे, त्यानें तें हंसत सोसावें, असें सांगण्याचा अधिकार बाजारांतून वाल विकत घेणाऱ्या आपल्याला नाहीं. परंतु पेरणीनंतरचे आठ-पंधरा दिवस राखण ठेविली किंवा ओळींवर कांटेरी फांद्या पसरल्या, तर पुष्कळसें बीं वांचतें. आणि उरलेलें सारें वर्ष तोच पक्षी वाळवी व अळ्या टिपून कांहीं अंशीं फेड करितो.

ज्या पालकांची शेतवाडी आहे, त्यांस एवढीच विनंति कीं, बागेचा सगळाच कोपरान् कोपरा झाडूं नये. बांधावरची एखादी करवंदाची जाळी, एखादें वारूळ व झाडांखालचा पाचोळा राहूं द्यावा. पाचोळा कुजून झाडांसच खत होतो, व जमिनींत ओल टिकते. राब भाजण्यापूर्वीं वाफ्याभोवतीं हातभर जमीन खरवडून आग आडवावी, आणि वारा पडल्यावरच काडी लावावी. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत बांधावरचीं झुडपें तोडणें पुढें ढकलतां आलें, तर ढकलावें. ज्यांची जमीन नाहीं, त्यांनींहि सुट्टींतल्या पाहुणचारासाठीं रानची कोंबडी मागूं नये.

विद्यार्थ्यांनीं काय करावें? एक वही घालावी. बारवी, माथेरान किंवा मलंगगडाच्या बाजूस वडील मंडळींबरोबर जाल, तेव्हां पहांटेची बांग ऐकूं आली तर तारीख, वेळ, जागा आणि बागेखालची जमीन कशी होती, हें टिपून ठेवावें. पक्ष्याच्या मागें धांवूं नये, घरट्यास हात लावूं नये, आणि यंत्रावर बांग वाजवून नरास बोलावूं नये. विणीच्या दिवसांत त्यामुळें तो फुकट दमतो. जेथें तुमच्या वडिलांनीं लहानपणीं बांग ऐकली होती, तेथें ती आज ऐकूं येते काय, हेंहि घरीं विचारून लिहावें. अशी वही दहा वर्षें चालली, तर तिचें मोल पुस्तकापेक्षां कमी ठरणार नाहीं.

स्वच्छता हा मोठा गुण आहे, हें आम्ही शिक्षक तुम्हांस रोज सांगतों, आणि पुढेंहि सांगूं. पण घर झाडणें वेगळें आणि धरित्री झाडणें वेगळें. ज्या पाचोळ्याला आपण कचरा म्हणतों, तें कोणाचें तरी ताट असतें. आपल्या डोंगराच्या पायथ्याशीं तें ताट भरलेलें राहिलें, तर हा पक्षी उद्यांहि पहांटे हांक देईल.

मननासाठीं प्रश्न

१. राखी रानकोंबडा व गांवचा कोंबडा यांच्या बांगेंतील फरक सांगा.
२. मादीचा रंग साधा असण्यापासून तिला कोणता लाभ होतो?
३. दोन बागांपैकीं एकींतच रानकोंबडा कां राहतो? तीन कारणें द्या.
४. राब भाजतांना कोणती काळजी घ्यावी, व कोणत्या महिन्यांत ती विशेष घ्यावी?
५. तुमच्या घराजवळच्या एखाद्या बागेची जमीन पाहून या, आणि तेथें रानकोंबडा राहूं शकेल काय, याचें उत्तर दहा ओळींत लिहा.